काळ्या गोलातून आत

आधी चष्मा पुसून घ्या. मोबाइल बंद करून खिशात टाका. जिथे चाललोय तिथे रेंज नाही आणि फोटोही येणार नाहीत. सामान नको. चपला मात्र मजबूत असू द्या, कारण पहिलाच मुक्काम जंगलात आहे.

आत्ता तुम्ही मुंबईतल्या एका चित्रदालनात उभे आहात. एसी एवढा की खांदे आखडलेत. समोर पुरुषभर उंचीचा कॅनव्हास: मधोमध भला मोठा काळा गोल आणि त्याच्याभोवती तांबड्या, पिवळ्या, शेंदरी पट्ट्यांची चौकट, गोधडीच्या काठासारखी. बाजूच्या पाटीवर नाव आहे, सय्यद हैदर रझा. जमिनीवर एक पट्टी चिकटवली आहे, तिच्यापुढे जायचं नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावरचा पहारेकरी तुमच्याकडे बघतोय. थांबा जरा. त्याला जांभई येऊ द्या. आली? आता पट्टी ओलांडा आणि उजवा पाय सरळ त्या गोलात घाला.

सपाट वाटला होता ना? पाय गुडघ्यापर्यंत गेला बघा.

पहिला येतो तो वास. गोडसर, आंबूस, नाकात जड होऊन बसणारा. मोहाची फुलं आहेत ती, झाडाखाली पडून दिवसभर उन्हात तापलेली. मग कानावर किड्यांची किरकिर येते, एवढी सलग की थोड्या वेळानं तीच शांतता वाटायला लागते. डोळे उघडे आहेत की मिटलेत, हे तपासायला तुम्ही बोटानं पापणी चाचपता. उघडेच आहेत. अंधार तेवढा आहे. आपण शहरात ज्याला अंधार म्हणतो त्यात कुठेतरी लांब एक दिवा असतोच; इथे लांबही दिवा नाही.

हे मध्यप्रांतातल्या मंडला जिल्ह्यातलं ककैया. साल १९३० च्या आगेमागे. पाऊल टाकलंत की खाली सालवृक्षाची वाळकी पानं पापडासारखी मोडतात आणि तो आवाज तुम्हालाच दचकवतो. डावीकडे कुठेतरी भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, एकदा, दोनदा. त्याबरोबर किड्यांची किरकिर थांबते. आता मात्र खरी शांतता, आणि ती अजिबात सुखाची नाही. भेकर कुणाला बघून ओरडलं, हा प्रश्न तुमच्या मानेवरून मुंगीसारखा चढत जातो. पळू नका. समोर तो पिवळा ठिपका दिसतोय ना, तिकडे चालत राहा.

तो कंदील आहे, जंगलखात्याच्या क्वार्टरच्या पडवीत टांगलेला. काच काजळलेली, भोवती पाखरांची झुंबड. रॉकेलचा वास, दारात धुळीनं माखलेले बूट. बूट डेप्युटी रेंजर सय्यद मोहम्मद रझींचे. आत खाटेवर त्यांचा पोरगा चादर डोक्यावरून घेऊन जागा आहे. जागा आहे हे कळतं, कारण चादर फार शहाण्यासारखी पडून राहिली आहे. त्याच्याशी बोलायला जाऊ नका. आधीच त्याचा जीव मुठीत आहे. दिवसा जे जंगल त्याचं अंगण असतं, तेच रात्री भिंतीला येऊन टेकतं.

आणि मग लांबून ठेका येतो. आधी पायाला कळतो, मागून कानाला. गोंडांच्या पाड्यावर मांदर वाजायला लागला आहे. त्यावर बायकांचा एकसुरी, लांबवलेला आवाज, मग पुरुषांचं उत्तर, मग कितीतरी पायांचा एकदम जमिनीवर पडणारा दाब. अंधाराला आता दिशा आली: माणसं त्या तिकडे आहेत. चादरीखालचे आखडलेले पाय हळूहळू सरळ होतात. पुढे आयुष्यभर हा मुलगा सांगायचा, की त्या रात्रींना माणसाळवणारं काही असेल तर ते हे गोंडांचं नाचणंच.

झोपा तुम्हीही. पडवीत सतरंजी आहे.

सकाळ होते ती एखाद्यानं झाकण उचलावं तशी. काल तुम्हाला गिळायला बसलेली झाडं आज नुसती झाडं आहेत, बुंध्यापाशी कोंबड्या. आज बाजाराचा दिवस आहे, चला. नऊ वाजायच्या आत ऊन टाळूला लागतं. गोंड बाया डोक्यावर टोपल्या घेऊन एका ओळीत पायवाटेनं येताहेत; हातापायांवर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा, पावलागणिक कथलाच्या दागिन्यांचा खुळखुळाट. खाली मातीवर चवाळी पसरली जातात आणि त्यांच्यावर रंग ओतला जातो: हळदीचा पिवळा, मिरच्यांचा लाल, मिठाचे करडे खडे, लाखेच्या बांगड्या, कोदो-कुटकीचे ढीग, चारोळी, तेंदूची पानं. सुक्या मासळीच्या वासानं तुम्ही तोंड फिरवता तर दुसऱ्या बाजूला बोकड उभा. मडकी वाजवून बघितली जातात. कुणी भांडतंय, कुणी मोहाची घेऊन सकाळीच हसत सुटलंय. धक्का लागला तर कुणी माफी मागत नाही, तुम्हीही मागू नका.

तो काल रात्रीचा पोरगा बघा, तिथे मडक्यांच्या उतरंडीपाशी. तोंड उघडं टाकून उभा आहे. त्याला काहीही विकत घ्यायचं नाही. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांचा माल तो फुकटात भरून घेतोय.

आता शाळा. तुम्हाला वाटलं असेल शाळा टळली, टळली नाही. पोराचं लक्ष वर्गात टिकत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. मास्तरांचं नाव नंदलाल झारिया. ते ओरडत नाहीत, छडी काढत नाहीत. वर्ग सुटल्यावर त्याला पडवीत बसवतात, समोरच्या भिंतीवर एक ठिपका काढतात आणि सांगतात, याच्याकडे बघत बस. बाकी सगळं विसर.

बसा त्याच्या शेजारी. मांडी घाला. शेणानं सारवलेली जमीन थंडगार लागते, तेवढंच सुख. बघा ठिपक्याकडे.

पहिलं मिनिट कंटाळ्याचं. घोट्यावर डास. माडीवर कबूतर असतं तर निदान त्याच्याकडे बघता आलं असतं, पण माडी नाही आणि कबूतरही नाही. दुसऱ्या मिनिटाला ठिपक्याच्या कडेनं एक उजळ वेढा दिसायला लागतो. डोळे भरून येतात, पापणी लवते, ठिपका जरा डावीकडे सरकून परत जागेवर येतो. मग भिंत फिकी होत जाते, तिचे पोपडे जातात, कडेची खुंटी जाते. बाहेर कुणीतरी लाकूड फोडतंय, त्याचा आवाज आता फार लांबून येतो. ठिपका मात्र मोठा होत चाललाय. श्वासाबरोबर फुगतोय की काय? तुम्ही शेजारी बघता. पोरगा हललेला नाही. आज पहिल्यांदाच हललेला नाही.

रझांच्या १९८९ च्या ‘जेस्टेशन’ या चित्राला २०२३ साली मुंबईतल्या लिलावात ५१ कोटी ७५ लाख रुपये आले. त्यातही मधोमध तोच ठिपका आहे, पडवीतला. मास्तरांनी त्याचे काही घेतले नव्हते.

उठा, पायाला मुंग्या आल्या असतील. पुढचा प्रवास लांबचा आहे. पोरगा दमोहला हायस्कुलात जाईल, मग नागपूरला. आपण मंडल्याहून छोट्या लाइनीची गाडी पकडू. डबा एवढासा की समोरच्याचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना लागतात. खिडकीतून डोकं काढू नका, कोळशाचा कण डोळ्यात गेला की नैनपूर येईपर्यंत पदरानं फुंकर घालून घ्यावी लागते, आणि पदर शेजारणीचा. गाडी वळणावर इतकी हळू होते की एक गडी उतरून बोरं तोडून परत चढतो. बोरं आंबट आहेत. सालाचं जंगल मागे पडतं, साग लागतो, मग काळी जमीन. नागपूर स्टेशनावर संत्र्याच्या सालींचा वास आणि मराठी कानावर पडते, तुम्हाला घरी आल्यासारखं वाटतं. बापूराव आठवल्यांच्या कलाशाळेत हा तरुण १९३९ पासून चार वर्षं चित्रकला शिकला. तिथे आपण थांबत नाही. मुंबईची गाडी लागली आहे.

मुंबई. १९४३. लढाई चालू आहे, तिची चव रेशनच्या धान्यात लागते. बाकी तुम्हाला ती रस्त्यावर दिसते एवढीच, की दिव्यांना काळ्या टोप्या घातल्या आहेत आणि खाकी कपड्यातले गोरे सोल्जर फुटपाथवर वाट काढत नाहीत, वाट घेतात. बोरीबंदरच्या बाहेर आलात की आधी अंगाला ओला, खारट, कोमट हवेचा फडका बसतो. घोड्याची लीद, भाजलेले शेंगदाणे, डांबर, समुद्र. ट्रामची घंटा ठणठणते, तिच्या चाकाखाली रूळ किंचाळतो, कंडक्टर तुम्हाला दांडीला लटकू देतो आणि एक आणा घेतो.

मंडल्याचा पोरगा आता एकवीस वर्षांचा आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला म्हणून आला, पण पोचायला उशीर झाला आणि त्या वर्षीचं दार बंद झालं. (जे. जे.त तो शिकला, पण पुढे.) खिशात पैसे नाहीत. मग एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली, डिझायनरची. चला तिकडेच. जिने चढताना भिंतीला हात लावू नका, पानाच्या पिंका आहेत.

ही जागा सांगायला हवी, कारण आता ती कुठेच उरलेली नाही. त्या काळी मासिकात एखादा फोटो छापायचा तर त्याचा जस्ताच्या पत्र्यावर ब्लॉक करून घ्यावा लागे, आणि ब्लॉक होत ते अशा कारखान्यांत. आत शिरताच घशात काहीतरी बोचतं. ॲसिड. हलणाऱ्या ट्रेमध्ये पत्रे खाल्ले जाताहेत, वर पिवळट वाफ, आणि तिथला माणूस तोंडाला फडकं न बांधता बिडी ओढत उभा. एका बाजूला कपाटाएवढा कॅमेरा. आर्क लॅम्प लावला की कडकड असा आवाज होतो आणि निळापांढरा उजेड डोळ्याच्या मागच्या भिंतीला जाऊन लागतो. बघू नका त्याच्याकडे, तासभर हिरवं दिसेल. पलीकडे सुतार तयार पत्रे लाकडी ठोकळ्यांवर बारीक खिळ्यांनी ठोकतोय, ठक ठक ठक, लाकडाचा भुसा ॲसिडच्या वासात मिसळतो. पंखा आहे. तो गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोचवतो.

टेबलावर एक भिंग पडलंय, उचला. ब्लॉकवर धरा. एका नटीचा फोटो आहे हा, उद्या कुठल्याशा मासिकाच्या मुखपृष्ठावर जाणार. बघा, गाल कुठे आहे? गाल नाही. नुसते ठिपके. सावली आहे तिथे ठिपके जाड होऊन एकमेकांना चिकटलेत, उजेड आहे तिथे सुईच्या टोकाएवढे. हसू, कानातलं, केसांची बट, सगळं ठिपक्यांचं. ककैयाच्या पडवीतून उठून आलेला माणूस रोज आठ-दहा तास ठिपक्यांच्या कारखान्यात बसत होता, ही गंमत त्याच्या स्वतःच्या लक्षात आली होती का? त्याच्या आठवणींत मास्तर येतात, ब्लॉकचे ठिपके येत नाहीत. जोड मी लावली. तुम्हाला नको असेल तर भिंग खाली ठेवा.

संध्याकाळी माणसं पांगतात, ट्रे झाकले जातात, आणि तो थांबतो. दिवसाची नोकरी संपली, आता रात्रीचं काम. पाऊस लागला आहे. खिडकीशी या. खाली फोर्टातला रस्ता आरशासारखा झालाय आणि त्यात सगळं उलटं चालतंय: ट्रामचे दिवे, व्हिक्टोरियाची चाकं, छत्र्या, छत्र्यांखालून पळणारे पाय. तो कागद पाण्यानं भिजवतो. हवेतच एवढी ओल की रंग वाळायचं नाव घेत नाही, आणि त्याला थांबायला वेळ नाही. म्हणून तो थांबतच नाही. माणूस म्हणजे दोन फटकारे, छत्री म्हणजे एक. ट्रामला कडा नाही, ती येते आहे एवढंच आहे. निळा करड्यात पळतो, त्याला तो पळू देतो. १९४५ मध्ये त्यानं पावसातलं फ्लोरा फाउंटन असंच जलरंगात केलं. ओळखू येतं, आणि तरी पुतळ्यापेक्षा आजूबाजूची धावपळच जास्त दिसते. रस्त्यावरून जाणारे सगळे घरी चाललेत, हे त्याला वरून दिसत असणार. त्याचं घर हजारभर किलोमीटरवर.

तुम्हाला भूक लागली आहे. इराण्याकडे चला. संगमरवरी टेबल, वाकड्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवरच्या आरशात चौघांचे आठ झालेले. ब्रून आधी चहात बुडवायचा की मस्का वितळू द्यायचा, यावर टेबलाचे दोन पक्ष पडतात. तुमच्या समोर बसलेल्यांकडे नीट बघून घ्या, पुढे यांच्यावर ग्रंथ होणार आहेत. मोठ्यानं बोलतोय तो गोव्याचा फ्रान्सिस न्यूटन सोझा. उंच, लांब बोटांचा, सिनेमाची होर्डिंगं रंगवून आलेला हुसेन. आरा, जो लोकांच्या गाड्या धूत असे. आपल्या विदर्भाचा हरि अंबादास गाडे. शिल्पकार बाकरे. आणि कमी बोलणारा, फार नीटनेटका, हा रझा. १९४७ साली या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. बिल कोण देणार हा प्रश्न ग्रुपच्या जाहीरनाम्याइतकाच गंभीर आहे आणि तो अजून सुटलेला नाही. तुम्ही उठण्याआधी तुमचं देऊन टाका. त्यांचंही द्या.

पुढच्या दोन वर्षांत घडलं ते एका दमात सांगतो. आई गेली, वडील गेले. भावंडं उठून सीमेपलीकडे गेली. तो गेला नाही. मंडल्यात आता त्याचं असं एकच काही उरलं, वडिलांची कबर.

काश्मीरात त्याला आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला, कॅमेरावाला. चित्रं बघून म्हणाला, रंग आहेत, बांधणी नाही, सेझानची चित्रं बघ. कुणी दुसरा असता तर आठवडाभर रुसून बसला असता. हा मुंबईला येऊन फ्रेंच शिकायला लागला. १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो बोटीवर चढला. आपणही चढू, पण डेकवर राहू. खालच्या केबिनीत डिझेल, उलटी आणि उकडलेल्या कोबीचा वास एकत्र नांदतात.

पॅरिस. स्वेटर आणला नाहीत ना? मीच सांगितलं होतं सामान नको म्हणून, चूक माझी. थंडी इथे वरून पडत नाही, फरशीतून चढते. कान दुखतात. मेट्रोत उतरलात की ओल्या लोकरीचा, सिगारेटचा, लसणाचा ऊबदार वास, आणि एकमेकांना खेटून उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. वरचं आभाळ आठवडेच्या आठवडे ॲल्युमिनियमच्या झाकणासारखं. स्टुडिओत जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन, बोटं सुन्न, रंगाची ट्यूब आधी काखेत धरून गरम करायची मग पिळायची. फ्रान्समधली गावं, चर्चची टोकं, उतरती छपरं तो आधी कडक रेषांनी बांधतो (सेझान!), मग सुरीनं जाड रंग थापायला लागतो. बाहेर बोचरी थंडी, आणि कॅनव्हासवर छपरं निखाऱ्यासारखी पेटलेली, मागे काळीभोर रात्र. १९५६ साली त्याला तिथल्या समीक्षकांचं मोठं पारितोषिक, प्री द ला क्रितिक, मिळालं. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला ते पहिल्यांदाच. जानीन मोंजिला या चित्रकर्तीशी लग्न झालं. घर झालं. फ्रेंच लोक त्याला आपला म्हणायला लागले. पासपोर्ट मात्र त्यानं भारताचाच ठेवला, शेवटपर्यंत.

मग १९६२ मध्ये शिकवायला म्हणून तो अमेरिकेत बर्कलीला गेला आणि तिथून परत आल्यावर हातात ॲक्रिलिक आलं. हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण तैलरंग वाळायला दिवस घेतो. चित्रकार त्याची वाट बघतो, पुसतो, विचार बदलतो. ॲक्रिलिक पंधरा-वीस मिनिटांत वाळतं. हाताला एकदम पळायची सोय झाली. त्याच्या मागे भिंतीला चिकटून उभे राहा आणि बघा: ब्रश मनगटातून नाही, खांद्यातून फिरतो. लाल येतो, त्याच्यावर काळा झेपावतो, मध्ये पिवळी ठिणगी. छपरं गेली, चर्च गेलं, क्षितिज गेलं. काय चाललंय हे? चित्रांची नावं ‘जमीन’, ‘तपोवन’, ‘राजस्थान’. पॅरिसच्या माणसाला हे अमूर्त वाटतं. तुम्हाला वाटणार नाही, तुम्ही कालच तिथून आला आहात. हे पापडासारखं मोडणारं पान. हा भेकराचा आवाज. ही कंदिलाची काच. फोर्टातल्या खिडकीत कमावलेला हाताचा वेग घेऊन तो ककैयाच्या रात्रीत परत शिरला आहे, आणि या वेळी चादर डोक्यावर नाही.

माझं मत विचाराल तर रझा हे आहेत, सत्तरच्या दशकातले. नंतरचे नेटके बिंदू, त्रिकोण, कुंडलिनीची वेटोळी लोकांना जास्त आवडतात, भिंतीवर शोभतातही. पण उतारवयातले त्यातले काही मला साच्यातून काढल्यासारखे वाटतात. भीती निघून गेलेला बिंदू म्हणजे नुसतं वर्तुळ. असो.

त्या काळात तो पुन्हा पुन्हा इकडे यायचा. बनारस, गुजरात, राजस्थान, आणि आपलं अजिंठा-वेरूळ. एका दुपारी वेरूळला त्याच्या मागोमाग जाऊ. मेमधलं ऊन, दगडावर पाय ठेवला तर तळवा उचलावा लागतो. घाम डोळ्यात. बाहेर पांढराफटक उजेड आणि लेण्यात पाऊल टाकताच काही दिसेनासं होतं. थांबा, डोळे सरावू द्या. वटवाघळांचा उग्र वास, कुठेतरी पाण्याचा थेंब, गार दगड. मग अंधारातून हळूहळू एक खांदा सुटा होतो, एक गुडघा, एक मिटलेली पापणी. काळोखातून आकार असा बाहेर येतो. मंडल्याच्या पोराला हे नवं नाही. त्याला फक्त आठवलं.

१९८१ मध्ये त्यानं ‘माँ’ नावाचं चित्र केलं. त्यात काळा बिंदू आहे आणि खाली देवनागरीत अशोक वाजपेयींच्या कवितेतली एक ओळ: परत येईन तेव्हा काय घेऊन येऊ, असं मुलगा आईला विचारतो. पॅरिसच्या भिंतीवर ती ओळ कुणाला वाचता येणार होती? ज्या आईला विचारलं ती जाऊन तीस वर्षं उलटून गेलेली. तरी लिहिली, आपल्या लिपीत, शाळकरी पोराच्या काळजीपूर्वक अक्षरात.

दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बियो गावात तुम्हाला नेणार होतो, उन्हाळ्यात तो आणि जानीन तिथे राहत. ऑलिव्हची झाडं, डोकं उठवणारा सिकाडांचा कालवा, आणि ऊन असं की क्षणभर मंडल्याचंच वाटावं. पण संध्याकाळी इथे चर्चची घंटा वाजते, मांदर नाही. जानीन २००२ मध्ये गेली. त्यानंतर त्या घरात थांबावंसं कुणाला वाटलं असतं? मीही तुम्हाला थांबवत नाही.

२०१० संपता संपता, साठ वर्षांनी, तो दिल्लीला कायमचा राहायला आला. वय अठ्ठ्याऐंशी. चाकाच्या खुर्चीत बसून, कॅनव्हास जवळ ओढून, रोज रंगवायचा. वर्तमानपत्रांनी लिहिलं, रझा घरी परतले. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. पॅरिसमधल्या त्या खांद्यातून फिरणाऱ्या ब्रशपाशी तुम्ही उभे होतात. तो तेव्हाच पोचला होता की नाही, तुम्हीच सांगा. विमानतळावर उतरलं ते सामान.

पाऊस येतोय, ऐकू येतं? शेवटचा मुक्काम. मंडला, जुलै. नर्मदा गावाला तिन्ही बाजूंनी वेढून चालली आहे, पाणी तांबूस, फुगलेलं, घाटाच्या पायऱ्या खात वर चढणारं. चपलांना चिखल लागून त्या किलोभर जड झाल्यात. म्हणून तर मजबूत घाला म्हटलं होतं. भिजलेल्या मातीचा वास, ओलं गवत, छत्र्यांवर पडणारं पाणी. आता या छत्र्या जलरंगातल्यासारख्या पळत नाहीत, थांबून आहेत. माणसं पुढे होतात, मूठभर माती घालतात, मागे सरतात. तुम्हीही घाला. मुठीत घेतल्यावर बघाल, ती काळी नाही. तांबडी आहे, पिवळट आहे, बोटांच्या फटीतून ओली निसटते.

सय्यद हैदर रझा २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. दुसऱ्या दिवशी त्यांना मंडल्याला आणलं आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे वडिलांच्या कबरीशेजारी दफन केलं.

चला, पाय बाहेर काढा. पहारेकरी तुमच्याकडेच बघतोय, आणि दालनाच्या फरशीवर चिखल झालाय.